मुलांना वळण लावताना आपलं काय काय उघडं पडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या एका बालवाडीत जूनपासून ताई म्हणून रुजू झालेल्या एकीने विचारलंय: वर्गात 22 मुलं, तीन ते चार वयाची, मदतीला एक मावशी. घरी मला सगळे शांत समजतात, इथे मात्र रोज साडेअकरापर्यंत आवाज चढलेला असतो. मुलांना शिकवायला आले आणि माझेच दोष मला दिसायला लागले. हे सगळ्यांचंच होतं का? आणि त्याचं करायचं काय?

होतं. ताईंचं होतं, आईवडिलांचं होतं, निवृत्तीनंतर नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचंही होतं. फक्त तो ‘दोष’ शब्द तेवढा बाजूला ठेवा. दोष म्हटलं की माणूस एकतर स्वतःला कोसत बसतो, नाहीतर ‘सोमवारपासून ओरडायचं नाही’ असा संकल्प सोडतो. तो संकल्प साधारण मंगळवारच्या डब्याच्या सुट्टीपर्यंत टिकतो. लहान मुलांबरोबर राहून स्वतःबद्दल जे कळतं, त्यातलं बरंचसं चक्क मोजता येतं. प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबता, दिवसभरात कोणाचं नाव किती वेळा घेता, आवाज नेमका किती वाजता चढतो. आधी हे मोजा. आणि मोजून झाल्यावर स्वभावाच्या मागे लागू नका, वर्गाची मांडणी आणि वेळापत्रक बदला. स्वभावाला औषध नाही असं आपल्याकडे म्हणतातच. वेळापत्रक मात्र एका शनिवारी बसून बदलता येतं.

आवाजापासूनच सुरुवात करू, कारण तुम्हाला तोच खुपतोय. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात, ज्या ज्या वेळी आवाज चढला ती वेळ पेन्सिलने लिहायची. कारण लिहायचं नाही, मुलाचं नाव तर अजिबात नाही, फक्त वेळ. दोन आठवडे. मग सगळे आकडे एकत्र बघा. ते दिवसभर विखुरलेले क्वचितच सापडतात. बहुतेक वर्गांत ते दोन ठिकाणी दाटतात: हात धुवायची वेळ आणि घरी जायच्या आधीचा अर्धा तास.

हात धुण्याचं गणित करून बघा. 22 मुलं, 2 नळ. बाही वर करणं, साबण, पाणी, पुसणं धरून एका मुलाला 40 सेकंद लागले, तर एका नळावरच्या 11 मुलांना 440 सेकंद, म्हणजे सव्वासात मिनिटं. शेवटचं मूल सात मिनिटं रांगेत उभं. तीन वर्षांच्या मुलाला रिकाम्या हातांनी सात मिनिटं उभं राहता येत नाही. ते पुढच्याला ढकलणार, ओल्या फरशीवर सरकणार, आणि तुम्ही ओरडणार. म्हणजे तुम्ही चिडता ते त्या मुलावर नाही, रांगेवर. फक्त रांगेला ओरडता येत नाही. उपाय साधा आहे: सहा-सहाच मुलं नळावर, मावशी नळापाशी, तुम्ही बाकीच्यांना घेऊन सतरंजीवर बडबडगीत म्हणत बसायचं, आणि हात धुऊन आलेल्याने थेट डबा उघडायचा. ‘सगळे आल्याशिवाय कोणी खायचं नाही’ हा नियम दिसायला छान आहे, पण पहिल्या सहा जणांसाठी तीच रांग पुन्हा बसून सुरू होते.

शेवटच्या अर्ध्या तासाचं कारण वेगळं, आणि ते कोणी बोलत नाही. तुम्ही सकाळी साडेआठपासून उभ्या आहात, पाणी अर्धी बाटलीसुद्धा प्यायलेलं नाही, आणि स्वच्छतागृहाला जायला सवड मिळालेली नाही. बालवाडीतल्या कित्येक ताई जायला लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. तहान लागलेली, लघवी दाबून धरलेली, घसा कोरडा. अशा माणसाला संयम शिकवण्यात काही अर्थ नाही. साडेदहाला मावशींच्या हाती वर्ग देऊन पाच मिनिटं बाहेर जायचं, हे वेळापत्रकात लिहून भिंतीवर लावा. लिहिलेलं नसलं की ते रोज राहून जातं. यातून स्वतःबद्दल कळणारी गोष्ट तशी लहानच आहे: आपल्या सोशिकपणाचा आपल्याला अभिमान असतो, आणि त्याची किंमत साडेअकराला दुसरंच कोणीतरी मोजतं.

पावसाळ्यात यात रेनकोट येतात. बाहेर व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतायत, आत 22 रेनकोट, 44 बाह्या, न लागणारी टिचबटणं. इथे प्रत्येक मोठं माणूस तेच करतं: मुलाला बाहुलीसारखं उभं करून हात कोंबतं. त्यापेक्षा ही युक्ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात शिकवून टाका. पुढून उघडणारा रेनकोट जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर, कॉलर मुलाच्या पायाशी. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि सगळा रेनकोट डोक्यावरून मागे टाकायचा. अंगात बरोबर बसतो. उलटा बसला तर समजायचं की कॉलर पायाशी नव्हती. चार-पाच दिवस सरावाला लागतात, आणि त्या दिवसांत व्हॅनच्या आधी 20 मिनिटं तयारी सुरू करावी लागते. आठवड्यानंतर निम्म्या मुलांना तुमची गरज फक्त बटणांपुरती उरते. आणि इथे एक मजा होते: काही ताईंना ते आवडत नाही. ‘ताई, घालून द्या ना’ हे ऐकायची सवय आपल्यालाही लागलेली असते. मुलाला मदत हवी होती की आपल्याला मदत करायची होती, हे त्या आठवड्यात स्पष्ट दिसतं.

आता थांबण्याबद्दल. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970च्या दशकात शाळांच्या वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात आणि मग पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. ती शाळेतली मुलं होती. तीन वर्षांच्या मुलाला आधी प्रश्न समजायचा असतो, मग शब्द शोधायचा असतो, मग तोंड उघडायचं धाडस करायचं असतं. त्याला पाच-सात सेकंद द्या. ज्याच्या घरी कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलतात त्याला त्याहून जास्त. पुण्यात बांधकामावरच्या वस्तीजवळच्या बालवाडीत अशी मुलं निम्म्याहूनही अधिक असू शकतात.

करून बघा. ‘आज डब्यात काय आणलंस?’ विचारा आणि मनात ‘एक आंबा, दोन आंबे, तीन आंबे’ असं सातपर्यंत मोजा. तिसऱ्या आंब्यापाशी तोंड शिवशिवायला लागतं. ‘पोळी आहे का? भाजी आहे का? कोणती भाजी?’ हे बाहेर पडूच पाहतं. ती शिवशिव नीट ओळखून ठेवा. शांतता झाली म्हणजे काहीतरी बिघडलं, मला शिकवता येत नाही, दारातून कोणी बघितलं तर काय म्हणेल, असलं काहीतरी त्या शिवशिवीमागे असतं. मुलाचा त्यात काही संबंध नसतो. ते निवांतपणे डब्याच्या झाकणाकडे बघत विचार करत असतं. एक खबरदारी: थांबताना त्याच्या तोंडाकडे टक लावू नका, ती परीक्षा होते. डब्याकडे बघा.

नावांची मोजणी सर्वांत सोपी आणि सर्वांत बोचणारी. हजेरीची यादी एका कागदावर काढा, मावशींच्या हाती द्या, आणि तीन दिवस तुम्ही ज्याचं नाव घ्याल त्याच्यापुढे त्यांना एक रेघ मारायला सांगा. रागावलात तर रेघ, कौतुक केलंत तर रेघेवर टिंब. दोन-तीन नावांपुढे रेघांचं जंगल झालेलं दिसतं. ते अपेक्षित असतं. खरं बघायचं ते खाली, जिथे तीन दिवसांत एकही रेघ नाही अशी चार-पाच नावं सापडतात. ही ‘गुणी’ मुलं. त्रास देत नाहीत, मागत नाहीत, डबा संपवतात. आपण त्यांना गुणी म्हणतो याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की त्यांनी आपल्याकडून काही मागणं सोडून दिलंय. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी दोघांशेजारी डबा खायला बसा. पाच मिनिटं पुरतात. आणि टिंबं कोणापुढे आहेत तेही बघा: स्वच्छ गणवेशातलं, पटकन उत्तर देणारं, आपल्यासारखं बोलणारं मूल असण्याची शक्यता फार.

आपल्यासारखं बोलणारं, यावर पुण्यात जरा थांबायलाच हवं.

मूल सांगतं, ‘ताई, आमच्याकडं पानी नाय आलं.’ ताईचं पहिलं उत्तर काय असतं? ‘पानी नाही, पाणी. म्हण, पा-णी.’ मूल एकदा म्हणून बघतं, दुसऱ्यांदा गप्प होतं, आणि घरी पाणी न आल्यामुळे काय झालं ही सगळी गोष्ट तिथेच राहते. आता यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करता आल्या पाहिजेत. तीन वर्षांचं मूल ‘र’ला ‘ल’ म्हणतं ते वयामुळे. जीभ अजून तयार होतेय, बहुतेकांचं आपोआप सुधारतं. ‘पानी’, ‘नाय’, ‘व्हतं’ हे वयामुळे नाही. त्याच्या घरी तसंच बोलतात, आणि ते त्याने अगदी अचूक उचललंय. म्हणजे भाषा शिकण्यात ते मूल तरबेज आहे. चूक त्याची नाही, आपली अपेक्षा त्याच्या घराशी जुळत नाही एवढंच.

इथे स्वतःला तपासायची खूण आहे. सोसायटीतलं एखादं मूल ‘स्पॅगेटी’ला ‘पास्गेटी’ म्हणालं की आपण हसून ते चारचौघांत सांगतो. दुसरं ‘नाय’ म्हणालं की कपाळाला आठी पडते. दोन्ही वयं तीच, दोन्ही उच्चार ‘चुकीचे’. आठी कशाला पडली, याचं उत्तर भाषेत नाही. त्यातही एक गंमत: ज्यांनी स्वतः तालुक्याच्या शाळेत हसू झाल्यावर ‘आनि’चं ‘आणि’ केलं, त्या ताई बहुधा सगळ्यांत कडक असतात. त्यांच्या मनात शत्रुत्व नसतं. ‘मला हसले तसं याला कोणी हसू नये’ ही कळकळ असते. पण मुलाला कळकळ ऐकू येत नाही, फक्त ‘तुझ्या आईचं बोलणं चुकीचं’ एवढं ऐकू येतं.

करायचं ते असं. मुलाच्या बोलण्याला उत्तर द्यायचं, आणि उत्तरातच प्रमाण रूप येऊ द्यायचं. ‘अगं बाई, पाणी आलंच नाही? मग आईने काय केलं?’ एवढंच. ‘म्हण’ हा शब्द वापरायचा नाही, पुन्हा वदवून घ्यायचं नाही. वर्गातल्या चित्रांच्या मागे, भाजीच्या चित्रासाठी ‘भाजी’ आणि ‘कालवण’ असे दोन्ही शब्द लिहून ठेवा आणि दोन्ही वापरा. एखादी मुलगी ‘माजी बाटली हरपली’ म्हणाली तर लक्षात ठेवा की ‘हरपणे’ हा शब्द आपल्याला फक्त कवितेच्या पुस्तकात भेटलेला असतो. तिच्या घरात तो अजून रोजच्या वापरात आहे. प्रमाण मराठी तिला यायलाच हवी, त्यात वाद नाही. ती ऐकून ऐकून येते, पहिली-दुसरीपर्यंत येते. गप्प झालेल्या मुलाला मात्र ती येत नाही.

हाताचं निरीक्षण. यासाठी पाणी ओतण्याचं साहित्य मांडा: कडा असलेलं स्टीलचं ताट, साधारण 200 मिली मावेल असे कानाचे दोन छोटे पारदर्शक जग, एकात 100 मिली पाणी, आणि मुलाच्या मुठीत बसेल असा अर्धा कापलेला स्पंज. काही ठिकाणी सुरुवातीला पाण्याऐवजी राजमा किंवा चवळी देतात, पसारा कमी होतो म्हणून. या वयात ते टाळावं. दाणा नाकात-कानात जातो, तिथल्या ओलाव्याने फुगतो, आणि मग डॉक्टरांकडेच जावं लागतं. पाणी सांडलं तर फार तर चड्डी भिजते.

आधी तुम्ही करून दाखवायचं, निम्म्या वेगाने आणि न बोलता. हात आणि तोंड एकाच वेळी चाललं की मूल तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. मग जग मुलाकडे सरकवायचा. आता स्वतःकडे लक्ष द्या. मूल जग उचलतं, तिरका करतं, पाणी चोचीपाशी येतं, आणि नेमक्या त्या क्षणी तुमचा उजवा हात मांडीवरून उठतो. तुम्ही ठरवलेलं नसतं, तो उठतो. मुलाची नजर पाण्यावरून तुमच्या हातावर जाते, आणि पाणी सांडतं. मग ‘बघ, सांडलंस ना!’ सांडलं कोणामुळे? मांडी घालून दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसा आणि दहा मिनिटांत ते किती वेळा सुटू बघतात ते मोजा. सांडल्यावर स्पंजाकडे बोट दाखवायचं, बोलायचं नाही. पुसून झाल्यावर स्पंज पिळायचा, ही मुलांना ओतण्यापेक्षा जास्त आवडणारी गोष्ट आहे. काही मुलं मुद्दाम सांडतात ती त्यासाठी. तो वात्रटपणा नाही. त्यांना पिळायचं काम वेगळं द्या: दोन वाट्या, एकीत पाणी, स्पंजाने दुसरीत न्यायचं.

हाच हात बाहेर ‘पडशील!’च्या रूपाने दिसतो. पर्वतीच्या 103 पायऱ्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन चढून बघा. मोठ्यांना दहा-पंधरा मिनिटं, मुलाला पाऊण तासही लागतो, कारण दर चौथ्या पायरीवर मुंगी असते. मुलाच्या मागे एक पायरी खाली राहा, हात मोकळे, आणि ‘पडशील’ऐवजी नेमकं सांगा: ‘कठड्याच्या बाजूने चढ’, ‘पाय पूर्ण टेकव’. ‘पडशील’ या शब्दात मुलाने काय करावं याची काहीच माहिती नसते, त्यात फक्त आपली भीती असते. वर पोहोचेपर्यंत किती वेळा घड्याळ बघितलं, तेही मोजायला हरकत नाही. वर कोणी आपली वाट बघत नसतं.

रडण्याबद्दल विचारलं नाहीत, पण जून नुकताच गेलाय म्हणून. पहिल्या आठवड्यात दारात रडणाऱ्या मुलाला आपण लगेच ‘तो बघ काऊ, ती बघ मनीमाऊ’ करतो आणि तेवढ्यात आईला डोळ्याने खुणावून पळवतो. तेवढ्यापुरतं साधतं. दुसऱ्या दिवसापासून ते मूल खेळत नाही, दाराकडे पाठ करून बसत नाही, कारण पाठ फिरवली की आई नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं. त्याचं बरोबरच आहे, तुम्हीच ते सिद्ध केलंय. त्यापेक्षा पहिले दोन दिवस आईने किंवा आजीने वर्गाच्या कोपऱ्यात बसायचं, मुलाशी न खेळता, भाजी निवडत बसल्यासारखं. तिसऱ्या दिवशी सांगून दहा मिनिटं बाहेर: ‘मी दुकानात जाऊन येते.’ आणि खरंच दहा मिनिटांत परत. मग अर्धा तास, मग डब्यापर्यंत. निरोप एकदाच घ्यायचा, हसून, लांबण न लावता. खिडकीतून परत डोकावायचं नाही. बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत रुळतात, काहींना जास्त लागतात.

या काळात मोठ्यांचं जे दिसतं ते फार बोलकं असतं. तीन-तीनदा खिडकीशी येणारी आई मुलाला बघायला येत नाही. आपल्यावाचून ते रडतंय ना, याची तिला खात्री हवी असते, आणि रडत नसेल तर बरंही वाटतं आणि टोचतंही. ताईचं म्हणाल तर, मूल मावशींच्या मांडीवर शांत झालं आणि आपल्याकडे आलं नाही, हे तिला लागतं. लागू द्या. मावशींकडे गेलेलं मूल मावशींकडेच राहू द्या, चार दिवसांनी ते आपणहून येतं. ‘माझ्याकडे ये ना, मी ताई आहे ना’ म्हणून ओढलेलं मूल येत नाही. शिवाय रडणं थांबवायची एवढी घाई का होते, हेही बघा. ‘रडायचं नाही हं, शहाणी ना तू’ हे वाक्य आपण ठरवून बोलत नाही, ते आपल्या बालपणातून जसंच्या तसं बाहेर पडतं. कधीकधी सूरसुद्धा आईचाच असतो.

घरच्या मंडळींसाठी, पटकन. ‘बुवा येईल’, ‘पोलीसकाका धरून नेतील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ हे बोलताना आपण आपला अधिकार दुसऱ्याकडून उसना घेतो, आणि हडपसरला दवाखान्यात लस द्यायला नेलं की ते उसनं फेडावं लागतं. ‘अजून एक घास’चंही तसंच. पान स्वच्छ करायची शिकवण आपल्या घरातल्या टंचाईच्या दिवसांतून आलेली आहे, मुलाच्या पोटातून नाही. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा या अंदाजाने वाढा: तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे वरणभात, चतकोर पोळी, चमचाभर भाजी. पुन्हा मागायची संधी त्याला मिळू द्या. ताट लहान असलं की संपतं, आणि संपलं की आजीचाही जीव भांड्यात पडतो.

आता वहीबद्दल, कारण वरचं सगळं मोजून ठेवायला जागा हवी. दोनशे पानी साधी वही. डाव्या पानावर मुलांनी काय केलं, उजव्या पानावर तुम्ही काय केलंत. घरी जाण्याआधी दहा मिनिटं, तीन ओळी डावीकडे, दोन उजवीकडे, यापेक्षा जास्त नाही. घरी नेऊन लिहीन म्हटलं की चौथ्या दिवशी वही बंद पडते. सर्वांत मोठी चूक विशेषणांची. ‘आज हट्टीपणा करत होता’ या वाक्यातून पुढे काही निघत नाही. ‘ठोकळा तीन वेळा फेकला, तिसऱ्यांदा फेकण्याआधी माझ्याकडे बघितलं’ यातून बरंच निघतं. क्रियापदं लिहा. उजव्या पानावरही तसंच: ‘मी वाईट वागले’ नको, ‘मी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले’ हवं. कारण दुसऱ्या वाक्याला उपाय आहे: सहा पावलं चालत जायचं, खाली बसायचं, हळू बोलायचं. तीन वर्षांच्या मुलाची उंची सुमारे 95 सेंटीमीटर, डोळे त्याच्याही खाली. उभ्याने बोलणाऱ्या ताईचा त्याला हनुवटीखालचा भाग आणि नाकपुड्या दिसतात.

ओरडलं गेलंच तर माफी मागायची, आणि ती दहा मिनिटांच्या आत, मुलाला प्रसंग आठवतोय तोवर. ‘मी मोठ्याने ओरडले. तू घाबरलीस. मी तसं ओरडायला नको होतं.’ संपलं. ‘पण तूही ठोकळे फेकलेस ना’ जोडलंत की ती माफी राहत नाही, तक्रार होते. ठोकळे फेकायचे नाहीत हे सांगायचंच आहे, पण ते दुपारी, दुसऱ्या वाक्यात, वेगळ्या श्वासात. आणि ‘आता पापी दे बघू’ मुळीच नको. तुम्हाला मोकळं वाटावं ही त्या मुलाची जबाबदारी नाही. मोठ्यांनी लहानांची माफी मागितली की धाक जातो असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात दोन आठवड्यांत मुलंच एकमेकांना ‘मी ढकललं, तू पडलास’ असं सांगताना ऐकू येतात.

मोजणी करून वर्गच बदलायचा, हे काही नवं नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं नियमित येत नव्हती. मुलं आळशी, पालक अडाणी, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली, शिंपले-बिया-पानं असं तिथलंच साहित्य वापरलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. तुमची सात मिनिटांची रांग मोडणं हे त्याच वाटेवरचं अगदी छोटं पाऊल आहे.

एक धोक्याची सूचनाही हवी, कारण आत्मपरीक्षणाचा नाद लागला की माणूस सगळंच स्वतःवर ओढून घेतो. नावाने हाक मारल्यावर वळून न बघणारं मूल, तीन वर्षांचं होऊनही दोन शब्द न जोडणारं मूल, चित्र डोळ्यांपाशी नेऊन बघणारं मूल, येत असलेलं बोलणं हरवलेलं मूल. इथे ‘माझं काय चुकलं’ हा प्रश्न नाही. बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी हवी, आणि श्रवणाची तपासणी सर्वांत आधी. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वर्षातून दोनदा तपासणी होते, तिथेही सांगता येतं. उलट बाजूने, आवाजावर न थांबता हात उचलला जात असेल, किंवा एखाद्या मुलाचं रडणं ऐकून आपलंच जुनं काहीतरी इतकं वर येत असेल की वर्गाबाहेर जावं लागतं, तर वही पुरणार नाही. समुपदेशकाकडे जा. तीन वर्षांच्या मुलांनी तुमचं ते दुखणं बरं करावं अशी अपेक्षा धरू नका.

सगळं एकदम सुरू करू नका. येत्या सोमवारी फक्त नळाची रांग मोडा आणि साडेदहाची पाच मिनिटं भिंतीवर लिहा. त्यानंतरच्या आठवड्यात मावशींच्या हाती नावांची यादी द्या, आणि तीन दिवसांनी ती त्यांच्याबरोबर बसून बघा. तुम्हाला न दिसलेलं त्या सांगतात. वही गणपतीनंतर. भाषेचं मात्र उद्यापासूनच: ‘म्हण’ हा एक शब्द आठवडाभर वापरायचा नाही, आणि मावशींना सांगून ठेवायचं की वापरला तर खोकायचं.